जुनी गाडी बघताना बॉनेट शेवटी उघडा

जुनी गाडी बघायला गेल्यावर बहुतेक लोक आधी बॉनेट उघडायला लावतात. सेल मारतात, दोन मिनिटं कान देऊन ऐकतात, "आवाज चांगला आहे" म्हणतात आणि टोकन देऊन येतात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. इंजिनकाम हाच माझा धंदा, तरीही मी प्रत्येकाला सांगतो की इंजिन सगळ्यात शेवटी बघा. इंजिन दुरुस्त होतं. रिंग-पिस्टन बदलता येतात, हेड उतरवून गॅस्केट घालता येतं, क्लचप्लेट नवीन बसते. खर्च होतो, पण काम एकदा झालं की झालं. जोरात ठोकून परत सरळ केलेला सांगाडा आणि पुरात बुडालेलं वायरिंग मात्र मला पूर्ववत करता येत नाही, दुसऱ्या कुणालाही येत नाही. त्या गाडीच्या मागच्या सीटवर तुमचे आईवडील बसणार असतात, मुलं झोपणार असतात. म्हणून माझा क्रम कागद, पत्रा, पाणी, तळ आणि मग इंजिन असा आहे. पहिल्या तिघांत खोट निघाली तर पुढचं बघूच नका, निघून या.

घरून निघायच्या आधी

विकणाऱ्याकडून फोनवरच गाडीचा नंबर मागून घ्या. नंबर द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडे जायचं कारण नाही. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मालक कितवा, इंधन कोणतं, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे सगळं दिसतं. "पहिला मालक" म्हणून सांगितलेल्या गाडीवर तीन आकडा दिसला तर पुढे बोलणंच नको. वाहनाचा वर्ग वाचा. साध्या गाडीला मोटार कार असतं. मोटार कॅब असेल तर गाडी भाड्याची आहे. टुरिस्ट परवान्यावरून खासगीत बदलून घेतलेल्या गाड्याही बाजारात असतात. त्या वाईटच असतात असं नाही, पण त्यांचं चाललेलं अंतर फार असतं आणि किंमत त्या हिशेबाने ठरायला हवी.

आमच्या भागात आणखी एक प्रकार आहे, वडापला, म्हणजे परवाना नसताना माणशी भाडं घेऊन प्रवासी वाहायला, चाललेल्या खासगी गाड्यांचा. कागदावर त्याचा मागमूस नसतो. सात सीटांची गाडी घेणार असाल तर मधल्या आणि शेवटच्या सीटवर स्वतः बसून बघा. घरच्या गाडीत शेवटची सीट जवळजवळ नवीन राहते, कारण तिच्यावर वर्षातून काही वेळाच कुणीतरी बसतं. ती सीट खचलेली असेल, मागच्या दाराचं बिजागर सैल असेल आणि आतल्या पायरीवरचा रंग उडालेला असेल, तर ती गाडी रोज माणसं वाहत होती.

विम्याची पॉलिसी नीट वाचायची सवय कुणालाच नाही, आणि खरी गोष्ट तिच्यातच लिहिलेली असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला नाही तर मालकाला नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यात सूट, मिळतो. एका वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. दावा केला की तो पुन्हा शून्यावर येतो. गाडी आठ वर्षांची, मालक एकच, आणि चालू पॉलिसीवर बोनस २० टक्के दिसत असेल, तर मधे काहीतरी घडलेलं आहे. एक तर मोठा दावा झालाय किंवा पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त काळ खंडित राहिलीय. विचारा. "बंपर बदलला होता" असं उत्तर आलं तर सर्व्हिस सेंटरचं बिल मागा. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, त्यामुळे दुसऱ्या मालकाच्या पॉलिसीवर तो कमी दिसणं साहजिक आहे, तेवढा फरक लक्षात ठेवा. शक्य तेवढ्या मागच्या वर्षांच्या पॉलिस्या मिळाल्या तर सगळ्या ओळीने लावून बघा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मिळतात का, तेही पाहा. मालक बरोबर असेल तर बहुधा मिळतात. त्यातून चाललेले किलोमीटर आणि केलेलं पत्राकाम दोन्ही कळतं.

सकाळी जा, कोरड्यात जा

संध्याकाळी दिव्याखाली गाडी बघू नका आणि पावसात तर मुळीच नको. ओल्या पत्र्यावर सगळे रंग एकसारखे दिसतात. गाडी नुकतीच धुऊन ठेवली असेल तर वाळेपर्यंत थांबा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सेल मारू नका. बरोबर काय न्यायचं? चांगली टॉर्च, पातळ फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक, पांढरा टिश्यू पेपर, खाली अंथरायला एखादा पुठ्ठा, आणि मिळाला तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र. मोबाईलला जोडायचा साधा स्कॅनर स्वस्तात मिळतो. घरातलं दुसरं एक माणूस न्या. बोलण्यात गुंतवून ठेवणारे विक्रेते असतात. एकाने त्यांच्याशी बोलायचं, दुसऱ्याने शांतपणे बघायचं.

पत्रा

गाडीच्या मागच्या दिव्याशी उकिडवे बसा आणि एका बाजूने पुढे नजर टाका. कंपनीच्या पत्र्यावर समोरच्या भिंतीचं, झाडाचं प्रतिबिंब सरळ पळत जातं. पुट्टी भरून घासलेल्या जागी ते थरथरतं, त्याला लाटा येतात. तिथे चुंबक लावून बघा. पुट्टीचा थर जाड असेल तर चुंबक धरत नाही किंवा अर्धवट धरतं. बंपर प्लॅस्टिकचे असतात, त्यांच्यावर लावून घाबरू नका.

दोन दारांमधल्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या हव्यात. बॉनेटच्या डाव्या-उजव्या फटीत फरक असेल तर पुढून काहीतरी झालंय.

एखादं दार किंवा फेंडर परत रंगवलेलं असलं म्हणून गाडी टाकाऊ होत नाही. महाद्वार रोडवर, गुजरीत रोज फिरणाऱ्या गाडीला ओरखडा नसेल तरच नवल. आपण शोधायचा आहे तो सांगाड्यावरचा मार, आणि तो रंगात दिसत नाही, जोडात दिसतो.

बॉनेट उघडा, पण इंजिनकडे अजून बघू नका. बॉनेटच्या बिजागराचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. कंपनीत गाडी जोडून झाल्यावर रंगते, त्यामुळे या बोल्टच्या डोक्यावर गाडीचाच रंग असतो आणि तो अखंड असतो. पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो. मग दोन्ही बाजूंचे एप्रन, म्हणजे शॉकअप ज्यात बसतो ते आतले पत्रे, टॉर्च मारून बघा. कंपनीच्या जोडावर स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके एकसारख्या अंतरावर असतात आणि जोडावर भरलेला सीलर सरळ रेषेत असतो. एका बाजूला ठिपके आणि दुसऱ्या बाजूला सलग वेल्डिंगची जाड रेघ, किंवा बोटाने फासल्यासारखा सीलर दिसला, तर ती बाजू कापून जोडलेली आहे. खाली वाकून, इंजिनच्या दोन्ही अंगांनी पुढे येणारे लाँग मेंबर, म्हणजे सांगाड्याचे लांब दांडे, बघा. त्यांच्यावर सुरकुती किंवा हातोड्याच्या खुणा असतील तर समोरून जोराचा मार बसलाय. ते मुळात चुरगळण्यासाठीच केलेले असतात, आतल्या माणसांना धक्का कमी बसावा म्हणून. एकदा चुरगळून सरळ केलेला मेंबर दुसऱ्या वेळी कसा चुरगळेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त मिळो, घरच्यांसाठी घेऊ नका.

चारही दारं उघडून रबरी बीडिंग वीतभर खाली ओढा. ते हाताने निघतं आणि परत बसतं. मागे तेच गोल ठिपके दिसले पाहिजेत. खांबाला वेल्डिंगची रेघ असेल तर गाडी बाजूने ठोकलेली आहे. डिकीत स्टेपनी बाहेर काढून खालचा खड्डा बघा. मागून धडक बसलेल्या गाडीचं गुपित तिथे असतं, कारण डिकीचं झाकण बदलतात, बंपर बदलतात, पण त्या खड्ड्याचा पत्रा नुसता ठोकून वर काळा रंग मारतात.

छत कुणीच बघत नाही. पायरीवर उभे राहून बघा. छपरावर पुट्टी लागली तर गाडी पलटी झालेली असण्याची शक्यता फार मोठी असते.

काचांच्या कोपऱ्यात बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका कंपनीच्या आणि गाडीच्याच वर्षाच्या हव्यात. पुढची काच बदललेली असेल तर दगड लागला असेल, महामार्गावर होतं ते. पण एकाच बाजूच्या दोन काचा वेगळ्या असतील तर त्या बाजूचा पत्रा पुन्हा तपासा. सीटबेल्टच्या पट्टीवरही तारखेचं लेबल शिवलेलं असतं. गाडी २०१८ ची आणि ड्रायव्हरचा बेल्ट २०२१ चा असेल तर बेल्ट का बदलला, हे विचारलंच पाहिजे. एअरबॅग उघडली की बहुधा बेल्टही बदलावा लागतो.

पाणी

हा भाग मी लांबवणार आहे, कारण तो इथल्या सगळ्यांनी सोसलेला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. शाहूपुरीत, नागाळा पार्कात, जयंती नाल्याच्या काठाने गाड्या बुडाल्या. तिकडे सांगलीत कृष्णेने तेच केलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि त्याच दिवसांत वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. त्या गाड्यांचं पुढे काय झालं? विमा कंपन्यांनी पुष्कळ गाड्या पूर्ण नुकसान म्हणून निकाली काढल्या. मग लिलाव होतात, कुणीतरी घेतं, धुतं, सुकवतं, सीट कव्हर नवीन घालतं आणि विकतं. पुराची गाडी पुराच्या गावात विकत नाहीत. ती सोलापूरला, नगरला, नागपूरला जाते, आणि तिकडच्या पाण्यात बुडालेली इकडे येते. म्हणून तुमच्या गावात पूर येत नसला तरी हे तपासायचंच.

आधी गाडीत बसून सगळ्या काचा बंद करा आणि पाच मिनिटं गप्प बसा. कोंदट, ओल्या गोणपाटासारखा वास येतो का? अत्तराचा फार घमघमाट असेल तरी शंका घ्या आणि अत्तराची बाटली बाहेर ठेवून दारं उघडून पुन्हा बसा. नंतर इंजिन सुरू कराल तेव्हा एसीऐवजी हीटर लावा. दाबलेला वास हीटरने वर येतो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्टीचा जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही, तिथे चिखलाचा डाग किंवा आडवी रेघ दिसली की निकाल लागला. धुणारा माणूस सीट धुतो, बेल्ट गुंडाळलेलाच राहतो.

पुढची सीट मागे सरकवून तिच्या खाली टॉर्च मारा. सीटची पटरी, स्प्रिंगा, जमिनीला बसवलेले बोल्ट बघा. थोडा गंज कुठेही असू शकतो, बोल्टच्या डोक्यावर तांबूस ठिपका आला म्हणून हरकत नाही. पण स्प्रिंगा सगळ्या गंजलेल्या असतील तर पाणी सीटपर्यंत होतं. पायाजवळचा गालिचा कोपऱ्यात उचलून हात घाला. खालच्या फोममध्ये गाळ बसतो आणि तो धुऊन जात नाही. पंचगंगेचा गाळ बारीक आणि काळपट असतो, चिपळूणकडचा तांबूस. बोटांना लागला की कळतो.

पुढे पाठीवर झोपून डॅशबोर्डच्या खाली, पॅडलच्या वरच्या अंगाला बघा. स्टिअरिंग कॉलमचे बोल्ट, फ्यूजबॉक्सची पट्टी, वायरचे जोड दिसतात. एखादा जोड सोडवून बघायची परवानगी मागा. आतल्या पितळी टोकांवर हिरवट पावडर असेल तर ते पाण्याने झालंय. हेडलाइटच्या आत खाली गाळाची रेघ, डिकीतल्या जॅकवर आणि पान्यावर गंज, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात सुकलेला चिखल, या जागाही धुताना राहतात.

बुडालेली गाडी आज चालतेय तर काय बिघडलं, असं लोक विचारतात. बिघडतं ते हळूहळू. जोडांतला गंज महिन्या-महिन्याने वाढतो. आज काच खाली जात नाही, उद्या सेंट्रल लॉक अडकतं, परवा गाडी घाटात बंद पडते आणि पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होते. असा दोष कुणालाच सापडत नाही. एक जोड बदलला तर दुसरा बोलायला लागतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅग चालवणारा कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत गिअरच्या पुढे, अगदी तळाशी बसवलेला असतो. पाणी आत आलं की तो लवकर बुडतो. ती एअरबॅग वेळेला उघडेल की नाही, हे धडक होईपर्यंत कुणालाच कळत नाही. ज्याला हे ठाऊक असूनही तो दुसऱ्याच्या घरच्यांना अशी गाडी विकतो, त्याच्याशी मी व्यवहार करत नाही, गिऱ्हाइकालाही करू देत नाही.

याच ठिकाणी दिवे तपासून घ्या. किल्ली फिरवा पण सेल मारू नका. मीटरमध्ये इंजिन, ऑईल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग असे सगळे दिवे लागले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. तो विझलाच नाही तर दोष आहे. तो लागलाच नाही तर कुणीतरी दोष लपवलाय, आणि ते जास्त गंभीर आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, तेव्हा त्यानंतरच्या गाडीत हा दिवा नाही असं होऊच शकत नाही.

मीटर

किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आकडा वाचू नका, झीज वाचा. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय का, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेत का, स्टिअरिंग वरच्या अर्ध्यात चकाकतंय का. तीस हजार चाललेल्या गाडीत यातलं काही होत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटरवर अठ्ठावीस हजार आणि चारही टायर २०२३ चे असतील, तर पहिले टायर कुठे गेले? नुसतं उभं राहून टायर कडक होतात, हे खरं. तरीही विचारा आणि उत्तर नोंदींशी ताडून बघा.

तळ

पुठ्ठा अंथरून खाली डोकवा, किंवा थंड इंजिन बघून झालं की सरळ एखाद्या गॅरेजला नेऊन लिफ्टवर घ्या. विकणाऱ्याने त्याला नाही म्हणू नये. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडून आलेल्या गाडीत खाऱ्या हवेचा गंज असतो. चाकांच्या कमानी, दारांचा खालचा काठ, पायरीखालचा पत्रा बोटांनी दाबा. वरवरचा गंज घासून निघतो, पण जिथे पत्रा मऊ लागतो किंवा पापुद्रे सुटतात, तिथे तो आतून खाल्लेला असतो. तळाला नुकताच काळा कोट मारलेला दिसला तर तो आताच का मारला, हे विचारा.

टायरची झीज एका कडेने जास्त असेल तर अलाइनमेंट बिघडलीय किंवा लोअर आर्म वाकलाय. खोबणीत मधे उंचवटे असतात, रबर तिथपर्यंत झिजलं की टायर संपला. ती खोली १.६ मिलिमीटर असते. शॉकअपवरून तेल ओघळलंय का, ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटलंय का, हे बघून नोंद करा. या सगळ्या बदलता येणाऱ्या गोष्टी आहेत, त्या फक्त किमतीतून वजा करायच्या.

आता इंजिन

बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर त्यांनी आधीच सुरू करून ठेवलं होतं. थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं. तसं असेल तर दुसऱ्या दिवशी परत या.

थंड असतानाच डिपस्टिक काढून टिश्यूवर तेल टेकवा. काळं असलं तरी चालतं, डिझेलचं तर काळंच असतं. पण दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर पाणी तेलात उतरलंय. तेल भरायच्या झाकणाखाली पावसाळ्यात थोडी पिवळट साय धरते, रोज दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ते होतं. डिपस्टिक स्वच्छ असेल तर त्याला भिऊ नका. रेडिएटरचं झाकण फक्त थंड असतानाच उघडायचं. आत रंगीत कूलंट हवं. गंजट पाणी असेल तर नळाचं पाणी भरून गाडी चालवली आहे. कूलंटवर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट संशयित.

मग सेल मारा आणि दुसऱ्या माणसाला सायलेंसरपाशी उभं करा. सकाळी पांढरी वाफ येते आणि जाते. पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट जळतंय, निळसर आला तर ऑईल जळतंय, काळा भपकारा आला तर इंधन जास्त जातंय. १.३ डीडीआयएस डिझेलच्या जुन्या स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा बाजारात अजून आहेत. त्यांत सेल मारल्यावर पहिली काही सेकंदं इंजिनातल्या टायमिंग साखळीचा खळखळाट येतो का, ते ऐका. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण सैल करून बघा. झाकण थडथड उडत असेल आणि भकाभका धूर येत असेल तर रिंगा झिजल्यात. डस्टरच्या दीड लिटर डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी पकडणारा डीपीएफ असतो. तिला अधूनमधून महामार्गावर लांब पळवावं लागतं, नाहीतर तो चोंदतो. तुमचं रोजचं जाणं शाळा आणि मंडईपुरतंच असेल तर अशी डिझेल घेऊ नका, पेट्रोल घ्या.

स्कॅनर जोडून दोषांचे कोड वाचा. कोड नसले तरी रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्या, पूर्ण आहेत का ते बघा. बहुतेक अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. शंभर-एक किलोमीटर चालवून पुन्हा बघायला हवं.

सीएनजी गाडीत टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी लागते आणि तिची तारीख पाटीवर असते. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर पेट्रोलबरोबर सीएनजीची नोंद हवीच. नसेल तर विम्याच्या वेळी हात वर करतील.

वाघबीळला न्या

गल्लीत एक चक्कर मारून गाडी कळत नाही. मी गाडी पन्हाळा रस्त्याने वाघबीळच्या चढावर नेतो. तुमच्या जवळ जो चढ असेल तो घ्या. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. ऑटो गिअरची गाडी असेल तर चढावर थांबून परत निघताना ती किती धक्के देते, किती मागे सरकते ते बघा. उतरताना, मागे कुणी नाही असं बघून ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर अडकतोय. सपाट रस्त्यावर वेग वाढेल तसा घूं आवाज वाढत गेला आणि वळणावर बदलला तर व्हील बेअरिंग गेलंय. गतिरोधकावरून रेडिओ आणि एसी बंद करून हळू न्या. खट् आवाज कोणत्या चाकाकडून येतो, ते कळतं. परत आल्यावर एसी लावून दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा. तापमानाचा काटा वर चढता कामा नये आणि रेडिएटरचा पंखा लागून बंद झाला पाहिजे.

मागच्या सीटवर घरातल्या वयस्कर माणसाला बसवून एक फेरी मारा. पाय वर घ्यायला किती त्रास होतो, गुडघे टेकतात का, मागे एसी लागतो का, हे आपल्याला पुढून कळत नाही.

पैसे देताना

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. एकही अक्षर घासल्यासारखं, पुन्हा ठोकल्यासारखं दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा. एचएसआरपी पाटीवरचा नंबर तोच आहे ना, तेही बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी बेळगाव-निपाणीकडची केए पासिंगची, गोव्याची जीए किंवा दिल्लीची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दिसतात. त्या घ्यायच्या असतील तर कराचा आकडा आधी आरटीओत विचारून घ्या आणि मगच स्वस्त का महाग ते ठरवा.

थकलेले ई-चलान विकणाऱ्याकडून तुमच्यासमोर भरून घ्या. पावतीवर तारखेबरोबर ताबा दिल्याची वेळही लिहा, म्हणजे त्या मिनिटापर्यंतची जबाबदारी त्यांची राहते. दोन्ही किल्ल्या घ्या. त्यांचा फास्टॅग त्यांना बंद करायला सांगा आणि तुमचा नवीन लावा. विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या. तो राहिला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. गाडी घरी आली की कुठे लांब जाण्याआधी इंजिन ऑईल, तिन्ही फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑईल बदला आणि त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा.